पोगरवाडीचा गोलरक्षक, परभणीची पहाट

फुटबॉलच्या मैदानावर अकरा जणांपैकी एकालाच सगळा खेळ समोर दिसतो. तो गोलरक्षक. बाकीच्या दहा जणांची पाठ त्याच्याकडे असते आणि त्यांच्या पाठीमागे काय चाललं आहे ते त्यांना फक्त त्याच्या आवाजातून कळतं. डावीकडून कोण सुटलाय, कोणाला धरायचं, बचावाची फळी किती पुढे न्यायची, हे सगळं तो ओरडून सांगत असतो. चेंडू हवेतून गोलच्या तोंडाशी आला की 'माझा!' अशी आरोळी ठोकून तोच झेपावतो. मग बाकीच्यांनी बाजूला व्हायचं असतं. चुकला तर लपायला जागा नाही. त्याच्यामागे फक्त जाळी असते.

साताऱ्याच्या सैनिक शाळेच्या मैदानावर या जागी संतोष नावाचा एक मुलगा उभा राहायचा. पोगरवाडी या सातारा जिल्ह्यातल्या लहानशा गावात १५ जानेवारी १९७७ रोजी त्याचा जन्म झाला. घराचं मूळ आडनाव घोरपडे. आजोळी दत्तक गेल्यावर तो महाडिक झाला. शाळेत तो गोलरक्षक होता, बॉक्सर होता, घोड्यावर उत्तम मांड ठोकायचा. पुढे हाच मुलगा कर्नल संतोष महाडिक झाला, ४१ राष्ट्रीय रायफल्सचा कमांडिंग ऑफिसर. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यातल्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. वय ३८.

त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत भरभरून आलं. पण 'गोलरक्षक' हा शब्द बहुतेक ठिकाणी छंदांच्या यादीत टाकून बातमी पुढे सरकली. मला तो यादीतला शब्द वाटत नाही. त्या माणसाचं पुढचं आयुष्य समजून घ्यायला मी तिथूनच सुरुवात करेन. आणि परभणीत बसून हे लिहीत असल्यामुळे त्या शब्दाशी माझं एक वेगळंही काम आहे.

परभणीत पहाटे पाचला बाहेर पडलं की रस्त्यावर मुलं दिसतात. वसमत रोडला, कृषी विद्यापीठाच्या बाजूला, जिंतूर रोडला. काही एकटी, काही दहा-बारांच्या रांगेत, पुढे शिट्टी घेतलेला अकादमीचा सर. ही भरतीची मुलं. जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेडकडची. शहरात खोली करून राहतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात, दिवसा अभ्यासिकेत बसतात. त्यांच्या बोलण्यात 'ग्राउंड' हा शब्द सतत असतो. ग्राउंड किती निघालं, ग्राउंडला किती पडले, ग्राउंड निघतं पण लेखी अडकते. पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. लेखी परीक्षा १०० गुणांची. अग्निवीर व्हायचं तर आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग धावणं, बीमवर ओढून घेणं, नऊ फुटांचा खड्डा, तोल सांभाळणं. या मुलांना सेकंदाची किंमत कळते. सोळाशे मीटरला तीन सेकंद कमी झाले तर त्या संध्याकाळी खोलीवर आनंद असतो.

या मुलांच्या कष्टापुढे मी मान झुकवतो. कापूस आणि सोयाबीनच्या भरवशावर घर चालत नाही हे त्यांना लहानपणीच कळलेलं असतं. दोन-तीन एकरांच्या वाटणीत आपल्या वाट्याला काय येणार याचा हिशेब त्यांनी केव्हाच केलेला असतो. वर्दी म्हणजे त्यांच्यासाठी पगार, पत, बहिणीचं लग्न आणि आईच्या चेहऱ्यावरचं समाधान. त्यात कमीपणाचं काहीही नाही.

तरीही एक गोष्ट खुपते. पहाटे धावणारी बहुतेक मुलं शिपाई किंवा जवान होण्यासाठी धावतात. याच मुलांपैकी एखादा पुढे बटालियन सांभाळू शकेल असं त्याला शाळेत, घरी किंवा अकादमीत क्वचितच कोणी सांगतं. दुसरीकडे जी मुलं वर्गात पहिली येतात, ती दहावी होताच लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना जातात. त्यांचं मैदान त्या दिवशी सुटतं ते कायमचं. म्हणजे आपण मुलांची वाटणी करून टाकली आहे. हुशार मूल पुस्तकाकडे, दणकट मूल भरतीकडे, आणि खेळात जीव रमणारं मूल मधल्यामध्ये. त्याला दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळाले की घरच्यांच्या लेखी खेळाचं काम संपतं. सैन्याधिकारी निवडणारी माणसं मात्र हे तिन्ही गुण एकाच देहात शोधत असतात.

ही निवड कशी होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या घरांत याची माहिती फार तोकडी आहे. बारावीत असतानाच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची परीक्षा देता येते. केंद्रीय लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६०० असे ९०० गुण लेखीला. त्यात पार झालं की सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची मुलाखत, तिचेही ९००. म्हणजे निम्मं वजन पुस्तकाला आणि निम्मं माणसाला. ही मुलाखत पाच दिवस चालते. टेबलापलीकडे बसून प्रश्न विचारणं हा तिचा एक भाग. बाकी मुलाला कागदावर, गटात आणि मैदानावर पारखतात.

त्यातला मैदानावरचा भाग बघण्यासारखा असतो. आठ-दहा अनोळखी मुलांच्या गटाला एक फळी, एक बल्ली, दोरीचा तुकडा आणि एक ओझं देतात. समोर ठोकळ्यांची आणि खांबांची रचना असते. लाल रंगाला हात-पाय लागता कामा नये, सामान जमिनीवर टेकता कामा नये, आणि सगळ्यांनी ओझ्यासह पलीकडे जायचं. कोणालाही पुढारी नेमलेलं नसतं. बाजूला वही घेऊन उभा असलेला अधिकारी बघत असतो की फळी कुठे ठेवायची हे कोणाला आधी सुचलं, कोणी दुसऱ्याचं ऐकलं, मागे राहिलेल्या मुलाला हात कोणी दिला, फसल्यावर कोण चिडलं आणि कोणी दुसरी युक्ती काढली. पुढच्या एका चाचणीत एकेकाला नायक करतात आणि आपले साथीदार त्याला स्वतः निवडायला लावतात.

जो मुलगा शाळेत आठ वर्षं फुटबॉल खेळला आहे त्याला हे सगळं ओळखीचं वाटतं. फुटबॉलमध्ये षटकं नसतात, चेंडूगणिक थांबून सल्लामसलत करायला वेळ नसतो. पंचाची शिट्टी वाजली की पंचेचाळीस मिनिटं प्रशिक्षक बाहेर आणि मुलं आत. चेंडू ज्याच्या पायाशी, तो त्या क्षणापुरता नायक. पास दिला की नायकपण दुसऱ्याकडे गेलं. हे हजारदा केल्यावर अंगात जे मुरतं ते 'नेतृत्वगुणांवर दहा ओळी लिहा' या प्रश्नाने येत नाही. आणि पुस्तकाची सवय नसलेला मुलगा या मैदानापर्यंत पोचतच नाही, कारण गणिताचा पेपर त्याला आधीच अडवतो.

संतोष महाडिकांच्या बाबतीत हे तिन्ही धागे एकाच आवारात विणले गेले. साताऱ्याची सैनिक शाळा ही देशातली पहिली. २३ जून १९६१ ला ती सुरू झाली. सहावीला आणि नववीला प्रवेश परीक्षा देऊन मुलं तिथे येतात, सगळ्या महाराष्ट्रातून. गरिबाघरचं मूल आणि अधिकाऱ्याचं मूल एकाच खोलीत झोपतं. पहाटे पी.टी., दिवसा वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री ठरलेल्या वेळी अभ्यास. यातलं काहीही ऐच्छिक नाही. गणितात पहिला आलेल्यालाही संध्याकाळी मैदानावर उतरावं लागतं, आणि संघाच्या कर्णधारालाही रात्री पुस्तक उघडावं लागतं. वेळापत्रकच असं की 'खेळ की अभ्यास' हा वाद मुलाच्या मनात उभा राहायला जागाच मिळत नाही. परभणीच्या पालकाला हा वाद रोज छळतो, कारण त्याच्या मुलाच्या शाळेत हे वेळापत्रक नाही.

महाडिक डिसेंबर १९९८ मध्ये लष्करात अधिकारी झाले. त्यांनी २१ पॅरा स्पेशल फोर्सेसची वाट धरली. ही पलटण मूळची २१ मराठा लाइट इन्फन्ट्री. पुढे तिचं स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतर झालं. अशा पलटणीत अधिकाऱ्यालाही जवानाच्या बरोबरीने पारखून घेतात. झोप तोडून, उपाशी ठेवून, मैलोन् मैल चालवून, आणि त्याच अवस्थेत नकाशा वाचायला आणि निर्णय घ्यायला लावून. थकलेल्या शरीरावर चालणारं डोकं तिथे हवं असतं. ईशान्य भारतातल्या ऑपरेशन ऱ्हायनोमधल्या कामगिरीसाठी २००३ साली त्यांना सेना पदक मिळालं.

नंतर ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख झाले. ही तुकडी मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली. म्हणजे कुपवाड्याच्या थंडीत त्यांच्या हाताखाली मराठी बोलणारी, आपल्याच गावांतून गेलेली मुलं होती. कमांडिंग ऑफिसर म्हणजे शेकडो जवानांचा बाप. कोणाच्या घरी जमिनीची भानगड आहे, कोणाची बायको बाळंत व्हायची आहे, कोण रजेवरून आल्यापासून गप्प आहे, हे त्याला ठाऊक असावं लागतं. महाडिकांविषयी दोन गोष्टी सगळ्यांनी सांगितल्या. कुपवाड्यातल्या स्थानिक लोकांशी त्यांनी जवळीक साधली होती, आणि कारवाईत ते स्वतः पुढे असत. नोव्हेंबर २०१५ मध्ये दाट जंगलात दहशतवाद्यांचा माग काही दिवस चालला होता. कर्नल दर्जाच्या माणसाने मागे राहून रेडिओवरून सूत्रं हलवली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. ते पुढे गेले. जखमी झाले आणि वाचले नाहीत. २६ जानेवारी २०१६ ला त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झालं.

या कथेचा पुढचा भाग स्वाती महाडिकांचा आहे, आणि माझ्या मते तो पहिल्या भागाइतकाच मोठा आहे. त्या शिक्षिका होत्या. दोन लहान मुलं पदरी. नवऱ्याच्या जाण्यानंतर त्यांनी सांगितलं की मी लष्करात जाणार. वयाची अट आड येत होती, तेवढ्यापुरती सवलत मिळाली. एसएसबीच्या त्याच पाच दिवसांतून मात्र त्यांना इतरांसारखंच जावं लागलं. मग चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत वयाने कितीतरी लहान मुलींबरोबर धावणं, दोर चढणं, पाठीवर ओझं घेऊन चालणं. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या आणि आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये रुजू झाल्या. शाळेत फळ्यासमोर उभी राहणारी बाई पस्तिशी उलटल्यावर शरीराकडून हे सगळं करून घेऊ शकते, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या मुलींना वर्गात सांगितलं पाहिजे.

तिन्ही अंगांनी अव्वल ठरलेल्या खेळाडूचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पीट डॉकिन्स. वेस्ट पॉइंट या तिथल्या लष्करी अकादमीचा कॅडेट. लहानपणी त्याला पोलिओ झाला होता. १९५८ साली, शेवटच्या वर्षात, तो फुटबॉल संघाचा कर्णधार होता, आपल्या वर्गाचा अध्यक्ष होता, सगळ्या कॅडेटांचा प्रमुख होता आणि अभ्यासात वरच्या पाच टक्क्यांत होता. हे चारही मान एकाच वेळी मिळवणारा तो तिथला पहिला. त्याच वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च हाइसमन करंडकही त्याला मिळाला. तो अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन धडका देत पळण्याचा, आपला नव्हे. नंतर तो ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, तिथे रग्बी खेळला, व्हिएतनाममध्ये लढला, प्रिन्स्टनमधून डॉक्टरेट घेतली आणि ब्रिगेडियर जनरल होऊन निवृत्त झाला.

डॉकिन्सची गोष्ट ऐकून छाती दडपते. मुलांना प्रेरणा म्हणून मी ती सांगणार नाही. अशी माणसं शतकात एखादी होतात. मला त्यामागची व्यवस्था महत्त्वाची वाटते. वेस्ट पॉइंटने खेळ, अभ्यास आणि हुकूम देण्याची जबाबदारी ही तिन्ही एकाच मुलावर टाकली आणि तिन्हींची मोजदाद ठेवली. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतही तेच चालतं. एनडीएचा कॅडेट तीन वर्षांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो, आणि त्याच तीन वर्षांत मैदानी खेळ, पोहणं, क्रॉस-कंट्री, घोडेस्वारी आणि रात्रीच्या चालींतून जातो. शेवटच्या मोठ्या शिबिराला तोरण्याचं नाव आहे. स्क्वाड्रन स्क्वाड्रनमध्ये वर्षभर चढाओढ असते आणि सर्वोत्तम स्क्वाड्रनचा ध्वज ठरवताना अभ्यासही मोजतात, खेळही मोजतात. एकटा हुशार कॅडेट किंवा एकटा वेगवान कॅडेट आपल्या स्क्वाड्रनला तो ध्वज मिळवून देऊ शकत नाही.

भारतात फुटबॉल आणि सैन्य यांचं नातं फार जुनं आहे, आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी घट्ट. ड्युरँड करंडक १८८८ साली सिमल्याला ब्रिटिश पलटणींसाठी सुरू झाला आणि आजही लष्कराच्या हातात आहे. शाळकरी मुलांची सुब्रतो करंडक स्पर्धा १९६० पासून वायुदल भरवतं. पहिले भारतीय वायुदलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचं नाव तिला आहे. सेनादलाचा संघ संतोष करंडक अनेकदा जिंकला, अगदी २०२४ मध्ये गोव्याला हरवूनही. यातली सुब्रतो स्पर्धा परभणीच्या दृष्टीने महत्त्वाची, कारण तिची पहिली पायरी जिल्ह्यात आहे. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग देश. मुलींचा गट वेगळा आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी शाळांकडे परिपत्रक येतं. बऱ्याच शाळांत ते फाईलला लागतं.

आणि फुटबॉल परभणीला परका म्हणावा असाही नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती, आणि त्या राज्याच्या राजधानीत देशातला सर्वोत्तम फुटबॉल घडत होता. सय्यद अब्दुल रहीम हे नाव आता चित्रपटामुळे लोकांना माहीत झालं आहे. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. हैदराबाद सिटी पोलीस या संघाला त्यांनी असं घडवलं की १९५० पासून सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स करंडक हैदराबादला गेला. वर्दीतले पोलीस खेळाडू आणि पदवीधर मास्तर, अशी ती जोडी. याच रहीम साहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. ज्या काळात परभणीचा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादची गाडी धरायचा, त्याच काळातली ही गोष्ट. आपण हैदराबादहून उर्दू आणली, बिर्याणी आणली, मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आणल्या. रहीम मास्तरांचा फुटबॉल आणायचा राहिला.

तो का राहिला याचं एक कारण पायाखाली आहे. परभणीची जमीन काळी, कापसाची. जून-जुलैच्या पहिल्या दोन पावसांत शाळेच्या मैदानाचा चिखल होतो आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. उन्हाळ्यात त्याच मैदानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चेंडू सरळ जात नाही, मुलाचा घोटा मुरगळतो. मुरूम टाकून, दाबून, पाण्याला उतार काढून दिला तरच त्या जमिनीवर वर्षातले आठ-नऊ महिने फुटबॉल होतो. कबड्डीला लहानशी जागा साफ केली की भागतं, क्रिकेटला एक खेळपट्टी चोपली की भागतं. फुटबॉलला सगळं मैदान लागतं. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने लाखो मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावला आणि शाळांना चेंडू वाटले. तो दिवस चांगला गेला. पण चेंडूबरोबर मुरूम आला नाही, आणि खेळ शिकवणारा शिक्षकही आला नाही.

सातारा-कोल्हापूरकडे सैन्याधिकारी आणि फुटबॉलपटू दोन्ही जास्त निघतात यालाही कारणं आहेत. तो भाग जुन्या मुंबई इलाख्याच्या आणि कोल्हापूर संस्थानाच्या भरतीच्या पट्ट्यातला. आपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी एखादा फौजी. निवृत्त सुभेदार पारावर बसलेला असतो, आणि पोराने विचारलं की एनडीए, सीडीएस, एसएसबी म्हणजे काय ते तो समजावून सांगतो. मराठवाडा निजामाकडे राहिल्यामुळे ही साखळी इथे उशिरा आणि विरळ जोडली गेली. परभणीच्या खेड्यात पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला दुष्काळ, भाव आणि पीकविमा यांचं सखोल ज्ञान आहे. एसएसबी त्याच्या कानावरून गेलेली नाही. मुलांत गुण कमी आहेत असं म्हणणारा माणूस मला अजून पटलेला नाही.

गुण आहेत याचे पुरावे बाहेर शोधायला नकोत. ज्योती गवते परभणीची. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली, बेचाळीस किलोमीटरचं अंतर तीन तासांच्या आत तोडून. या शहराच्या रस्त्यांवर सराव करून तिने ते मिळवलं. शेजारच्या बीडचा अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर ५ महारमध्ये जवान म्हणून गेला, सियाचीनला राहिला, आणि सैन्यातच त्याच्या पायांतली खरी ताकद कोणाच्या तरी लक्षात आली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ते घेतलंच. साबळेचं कर्तृत्व थोर आहे. पण तो शाळेत असतानाच कोणी त्याला ओळखलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी दूर सारू शकत नाही.

अधिकारी होण्याच्या वाटा राज्यात आहेत, आणि त्यातली एक परभणीच्या अगदी जवळ आहे. छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून चालते. दहावीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत देऊन मुलगा तिथे जातो, अकरावी-बारावी तिथेच करतो आणि एनडीएची तयारीही. परभणीहून रेल्वेने सेलू, जालना करत अर्ध्या दिवसाच्या आत तिथे पोचता येतं. नाशिकला अशीच संस्था मुलींसाठी सुरू झाली आहे. सैनिक शाळांची दारं मुलींना उघडली आहेत, चंद्रपूरला दुसरी सैनिक शाळा आली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशानंतर मुली एनडीएची परीक्षा देऊ लागल्या. २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या १७ जणी मुलांबरोबर संचलन करत बाहेर पडल्या.

आता गंगाखेडच्या किंवा पाथरीच्या एखाद्या हायस्कूलमधल्या आठवीच्या वर्गाचा विचार करतो. त्यात एक मुलगा किंवा मुलगी अशी असणारच की जिला गणित बरं जमतं, पाय चपळ आहेत, आणि मधल्या सुट्टीत बाकीची पोरं तिचं ऐकतात. तिला हेरायला मोठी योजना लागत नाही. एक शारीरिक शिक्षणाचा तास, जो इंग्रजीच्या किंवा विज्ञानाच्या जादा तासासाठी कापला जाणार नाही. मैदानावर दोन ट्रॉल्या मुरूम, दोन लोखंडी खांब आणि आडवा पाइप, हे ग्रामपंचायतीला किंवा माजी विद्यार्थ्यांना जमण्यासारखं आहे. सुब्रतो स्पर्धेचं परिपत्रक आलं की संघाचं नाव पाठवायचं, पहिल्या वर्षी आठ गोलांनी हरलो तरी पाठवायचं. नववीपासून रोज गणिताचा एक तास एनडीएच्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर. दहावीच्या वर्षी संभाजीनगरचा आणि नाशिकचा प्रवेश अर्ज कधी निघतो यावर एका शिक्षकाने डोळा ठेवायचा आणि मुलांकडून तो भरून घ्यायचा. भरती अकादमीच्या सरांनीही रांगेतल्या हुशार पोराला बाजूला घेऊन सांगायचं की बाबा, पदवी सोडू नकोस, पदवीनंतर अधिकारी होण्यासाठी सीडीएसची परीक्षा देता येते, तुझं ग्राउंड तर आत्ताच निघतंय.

आणि संघ निवडताना एक करायचं. आपल्याकडे ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करायची पद्धत आहे. ती मोडायची. ज्याचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो आणि ज्याच्या सांगण्यावरून बाकीचे दहा हलतात, त्याला किंवा तिला तिथे उभं करायचं.